टेस्ट मॅडम

दुपारचे साडेतीन-पावणेचार झाले असतील. विश्रामबागेतल्या घरी पंख्याखाली बसून मी एका टायरवाल्यासाठी रक्षाबंधनाची पोस्ट लिहीत होते (टायर आणि राखी यांचं नातं जोडायचे मला पैसे मिळतात, हसू नका) आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. एरवी मी उचलत नाही, पण कुरियरवाला यायचा होता म्हणून उचलला. पलीकडून एक बाई, शाळेच्या गॅदरिंगमध्ये निवेदन करतात ना तसल्या आवाजात, "नमस्कार. टेस्ट मॅडम बोलताय का?"

मी म्हणलं, कोण?

"टेस्ट मॅडम. आपण बेदाण्यासाठी चौकशी केली होती. आमचा घरचा बेदाणा आहे, आमच्याच बागंतला..." आणि त्या 'बागंतला'वर गॅदरिंगचा आवाज जरासा घसरला. ही माझी मामी होती. सख्खी. पलूसकडची.

मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून दिला.

आता हे 'टेस्ट' काय ते सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका एजन्सीसाठी मी इंटरनेटवरचं एक पान लिहिलं होतं, जाहिरातीवर बोट टेकलं की उघडतं ते, लँडिंग पेज म्हणतात त्याला. 'थेट शेतातून तुमच्या दारात', 'पहिल्या १०० जणांना मोफत सॅम्पल', खाली नाव, आडनाव, मोबाईल नंबर आणि एक हिरवं बटण. असं पान झालं की फॉर्म चालतोय का ते आपणच भरून बघायचं असतं. मी नावात टेस्ट टाकलं, आडनावात पण टेस्टच, आणि ओटीपी यायचा म्हणून नंबर तेवढा खरा, माझा. बटण दाबलं, 'धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील' असं आलं, मी एजन्सीला 'चालतंय' म्हणून कळवलं आणि चहा टाकायला उठले. सॅम्पल कुणाला गेलेलं मी तरी ऐकलं नाही. यादी मात्र हिंडत राहिली असणार, लग्नघरातल्या पातेल्यासारखी, ह्यांच्याकडनं त्यांच्याकडं, त्यांच्याकडनं आणि कुणाकडं, आणि दोन वर्षांनी माझ्याच मामीच्या पदरात येऊन पडली. तीही पैसे मोजून.

मामीनं माझा नंबर ओळखला नाही कारण तो तिनं मोबाईलमधून लावलाच नव्हता, कागदावर बघून एकेक आकडा दाबला होता, आणि धंद्यासाठी घेतलेल्या त्या नव्या फोनात मी सेव्हच नाही. जुन्या फोनात मी 'सोनी सांगली' आहे. आवाज पण ओळखला नसावा. मी बोलले किती, तीन शब्द. पण मी का ठेवला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. "अगं मामी, मीच की!" म्हणून हसायचं सोडून मी फोन ठेवला, आणि नंतर अर्धा तास त्या टायरवाल्याच्या राखीकडं बघत बसले. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मी पण हसले. पण ते 'टेस्ट मॅडम' कानात बसलं ते बसलंच. काय आदरानं म्हणली होती ती! माझ्या क्लायंटांपैकी मला मॅडम म्हणून इतक्या मनापासून कुणी हाक मारलेली नाही.

मामीला यादी विकणाऱ्या एजन्सीचं प्रकरण मला आधी ठाऊक होतं, म्हणजे अर्धवट. जूनमध्ये मामीचा फोन आला होता, जुन्या नंबरवरून, "अगं, दोनशे चाळीस लीडा आल्यात बघ!" लीडा. लीडचं अनेकवचन; लीड म्हणजे चौकशी केलेल्या माणसाचं नाव आणि नंबर. आमच्याकडं मेथीची जुडी, जुड्या, तशी ही लीड, लीडा. कुणीतरी पोरगा गाडीवरून आला होता म्हणे, टाय घातलेला, त्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं की ऑनलाईन विकायचं तर आधी लीडा पाहिजेत. १५,००० रुपये, वर जीएसटी, म्हणजे १७,७००. मी विचारलं, मला आधी का नाही विचारलंस? तर म्हणाली, "तुझी कामं असतात बाई, आणि तू घरची, तुला पैसं कसं द्यायचं?" यात टोमणा नव्हता. घरच्या माणसाला पैसे देता येत नाहीत आणि फुकट काम सांगता येत नाही, म्हणून परक्याला १७,७०० द्यायचे, हा हिशोब आमच्या भागात सगळ्यांना पटतो.

मामाची द्राक्षबाग अडीच एकर, त्यातला बराचसा माल बेदाण्याला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या शेडवर गेलं की आधी वास येतो. तो वास सांगायचा म्हणजे गूळ, ओलं गोणपाट आणि जरासं आंबलेलं काहीतरी, आणि वरून पत्रा तापलेला, त्याची धग. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरतात, एकावर एक जाळ्या, चहूबाजूंनी हिरवी शेडनेट, आणि मधमाश्या. पंधराएक दिवस नुसतं वारं आणि आभाळाकडं बघायचं. अवकाळीचं एक ढग आलं तरी मामा जेवत नाही. चार किलो द्राक्षं वाळली तर किलोभर बेदाणा हातात येतो. मग काडी काढायची, निवडायचं, प्रतवारी लावायची, बॉक्स भरायचे आणि तासगावला नाहीतर सांगलीला सौद्याला न्यायचं. तिथं अडत्याच्या दुकानात व्यापारी मूठभर बेदाणा उचलतात, चावतात, बाकीचा खाली टाकून देतात आणि दर बोलतात. लहानपणी मामाबरोबर गेले होते तेव्हा मला त्या खाली पडलेल्या बेदाण्याचंच फार वाईट वाटलं होतं. पायाखाली चिकट चिकट. मामा म्हणाला, बघू नको तिकडं. संध्याकाळी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात आली की तो ती चार घड्या घालून खिशात ठेवायचा आणि घरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

तर मामीच्या डोक्यात होतं की दोन-तीनशे किलो तरी आपण स्वतः विकायचा, किलो-अर्धा किलोच्या पाकिटात, थेट. पुण्या-मुंबईला त्याच बेदाण्याचे किती घेतात ते तिनं भाचीच्या लग्नाला गेली होती तेव्हा दुकानात उभं राहून बघितलं होतं. एफएसएसएआयचं, म्हणजे खायच्या मालाचं सरकारी, रजिस्ट्रेशन झालं, चौदा आकडी नंबर पाकिटावर छापला, स्टिकरवर घड आणि सूर्य. गिऱ्हाईक तेवढं राहिलं होतं.

त्या 'टेस्ट मॅडम'च्या फोननंतरच्या रविवारी मी मामीकडं गेले. निमित्त काहीतरी काढलं, आखाड संपायच्या आत भेटून येते वगैरे. जेवणं झाली, मामानं टीव्हीचा आवाज बारीक केला, न सांगता, म्हणजे हे रोजचंच असणार. मामीनं कपाटातनं आठ पानं काढली, झेरॉक्सच्या दुकानातनं प्रिंट मारून आणलेली, कोपऱ्यात स्टेपल केलेली. पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. चष्मा लावला. आणि नंबर लावायच्या आधी तिनं पदर सारखा केला. मी बघतच राहिले. व्हिडिओ कॉल नाही काही नाही, साधा फोन, पण पदर सारखा करून, जरा ताठ बसून, मग "नमस्कार".

पहिल्यानं उचलला नाही. दुसरा म्हणाला मी कुठलाच फॉर्म भरलेला नाही. तिसऱ्यानं हिंदीत काहीतरी विचारलं, मामीनं "बेदाणा, बेदाणा, किशमिश" असं दोनदा सांगितलं, त्यानं ठेवला. चौथी एक बाई होती, ती बोलली बराच वेळ, पण बेदाण्याबद्दल नाही, त्यांच्या गुडघ्याबद्दल.

"बरेच जण म्हणतात बघ, आम्ही फॉर्म भरलाच न्हाई," मामी म्हणाली. "खोटं बोलत असतील?"

खोटं बोलत नसतात. फेसबुकवर जे जाहिरातीतच उघडणारे फॉर्म असतात त्यात तुमचं नाव आणि नंबर आधीच भरून येतो, फेसबुकला माहितच असतो तो. माणूस बसमध्ये अंगठ्यानं वर-खाली करत असतो, कुठंतरी अंगठा टेकतो, दोनदा टेकतो, झाली लीड. त्याला पत्ताच नसतो आपण 'चौकशी' केली त्याचा. एजन्सीला अशा लीडा आवडतात कारण स्वस्त पडतात आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये आकडा फुगतो. फॉर्ममध्ये एक जादाचा प्रश्न टाकला, 'किती किलो पाहिजे?' एवढा जरी, तरी आकडा पडतो, पण उरतात ती माणसं खरी असतात. हे मला पाठ आहे. मी क्लायंटांना सांगते पण. क्लायंट म्हणतात, नको, आकडा पडेल. मग मी प्रश्न काढून टाकते. आणि २०२३ चा तो डेटाचा कायदा झाला, संमती घ्या वगैरे, तर त्या हिरव्या बटणाखाली बारीक अक्षरात संमती असतेच. ती वाक्यं पण मीच लिहिलेली असतात.

हे सगळं मामीला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तिनं चहा ठेवायला म्हणून उठून कागद माझ्याकडं दिले. मी पानं चाळली. माझ्या धंद्यात अशा शीटला एक रकाना असतो, 'रिमार्क्स', त्यात पोरं लिहितात एनआर, एनआय, सीबी. नॉट रिचेबल, नॉट इंटरेस्टेड, कॉल बॅक. मामीच्या पानांच्या कडेला, वळणदार बारीक अक्षरात, पेन्सिलनं:

'३४. पुणे. मिस्टर फोन ठेवू देत नाहीत जवळ, ७ नंतर लावणे.' '५१. चिडले. माफी मागितली.' '८८. सासूबाई वारल्या. दिवस होईतो नको.' '११२. शुगर आहे. काळा चालंल का विचारलं. डॉक्टरला विचारा म्हटलं.' '१४०. लहान मुलगी उचलते, गोड बोलते, आईला देत नाही.'

सहाव्या पानावर १७३. 'टेस्ट टेस्ट'. पुढं मामीच्या अक्षरात: 'राँग नं. म्हणाल्या. आवाज दमलेला. दिवाळीत परत.'

मी ते पान पटकन उलटलं. चहा आला. मामानं विचारलं, "काय म्हणती तुमची लीड?" आणि मामीनं त्याला बशी सरकवत "तुमचा अडत्या काय म्हणतो ते बघा" असं ऐकवलं. मी चहा प्याले. सांगितलं नाही.

हिशोब मात्र केला, सवयीनं. २४० लीडा, ७३ रुपये ७५ पैशाला एक. त्यातनं त्या दिवसापर्यंत गिऱ्हाईकं झाली होती नऊ. म्हणजे एकेक गिऱ्हाईक १,९६७ रुपयांना पडलं, आणि ते नेतं दोन किलो, ३८० च्या दरानं ७६०. आमच्यात हे असं दोन कोष्टकं काढून दाखवलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग आपण आपलं पॅकेज काढायचं. पण खरा हिशोब त्यात नाहीच. मामीनं रोज रात्री दीड-दोन तास, महिनाभर, भांडी घासून झाल्यावर, २४० जणांना फोन लावले, काहींना तीन-तीनदा. ते तास कुठल्या कोष्टकात धरायचे? छोट्या धंद्याचं मार्केटिंग 'परवडणारं' असतं असं जे आम्ही लिहितो ना, ते बऱ्याच वेळा एवढ्यासाठी परवडतं की घरातल्या कुणाच्या तरी रात्री फुकट धरलेल्या असतात. माझ्या जुन्या पोस्ट काढून बघितल्या तर 'शून्य खर्चात' हा शब्द मी किती वेळा वापरलाय कोण जाणे.

त्या रात्री तिथंच राहिले. झोप येईना म्हणून माळ्यावरची आजोबांची पेटी काढली. माझे आजोबा, मामाचे वडील, किर्लोस्करवाडीला फौंड्रीत होते. कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचं घड्याळ चालायचं, रिटायर झाल्यावरसुद्धा भोंगा झाला की चपला शोधायचे. पेटीत पगाराची पाकिटं, एक तुटकं कॅलिपर आणि जुने अंक, कडा कसर लागून कुरतडलेल्या. त्यांना हा एक विषय फार प्रिय होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी बेळगावात लोखंडी नांगर केला आणि कुणी घेईना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं शेतकरी म्हणायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० ला ते त्या माळावर आले, कारखाना घेऊन. आणि १९२० साली त्याच वाडीतनं 'किर्लोस्कर खबर' निघालं, शंकरराव किर्लोस्करांनी काढलेलं, नांगराच्या कारखान्याचं पत्रक म्हणून. त्याचं पुढं चांगलं दणदणीत मराठी मासिक झालं, १९३० ला 'स्त्री' निघालं, १९३४ ला 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यातनं! आजोबा म्हणायचे, "नांगर एकदा घेतला की माणूस वीस वर्षं दुकानाकडं फिरकत नाही. पण अंक दर महिन्याला घरात येतोय, आणि तो बायकापोरं वाचत्यात."

मला कॉलेजात कंटेंट मार्केटिंग, म्हणजे उपयोगाचं काहीतरी वाचायला देऊन गिऱ्हाईक जोडायचं, ते शिकवायला आलेल्या माणसानं सगळी उदाहरणं अमेरिकेची दिली होती. मी निमूट लिहून घेतली. घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर काय होऊन गेलं होतं ते मी कधी त्याला जोडून बघितलंच नाही. आजोबांच्या गोष्टी आपण गोष्टी म्हणूनच ऐकतो.

आणि तसं बघायला गेलं तर आमच्या सांगलीत हे सगळीकडंच होतं. साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, जिच्यातनं नंतर दहा वर्षं भाजी यायची. सराफाचं कॅलेंडर, तिथी-नक्षत्रासकट, दुधाचा हिशोब लिहायला चौकोन मोठे. खतवाल्याची डायरी. ती पिशवी कुणी जाहिरात म्हणून घेत नव्हतं, पिशवी म्हणून घेत होतं. आणि आम्ही काय देतो? महिन्याला बारा पोस्ट, सण फ्री. टायरवाला महिला दिनाच्या शुभेच्छा देतो, दातांचा डॉक्टर बैलपोळ्याच्या देतो, खाली लोगो, फोन नंबर आणि 'हार्दिक'. कुणी सेव्ह करून ठेवलीय ती पोस्ट आजपर्यंत? मी स्वतः केलेली नाही.

सकाळी मामीला म्हणलं, मला सांग, ही जी माणसं बोलतात तुझ्याशी, ती काय काय विचारतात? तिनं पेन्सिल कानामागं अडकवली आणि सुरू झाली. धुऊन खायचा का तसाच? फ्रीजमध्ये ठेवायचा का? पिवळा चांगला का हिरवा? गंधक मारलेला असतो का? पाकीट फोडल्यावर चिकट का होतो? बारक्या पोराला किती द्यायचा? रात्री भिजवून सकाळी खायचा असतो तो कुठला? मी लिहून घेत गेले, चौदा प्रश्न झाले. मी म्हणलं, आता याची उत्तरं. ती म्हणाली, "त्यात काय, सगळ्यांना म्हाईत असतं." माहीत नसतं गं बाई. तुला माहीत असतं.

तिच्या फोनात वॉट्सॅप बिझनेस टाकून दिलं. ते २०१८ पासून फुकट मिळतंय, त्यात कॅटलॉग, लेबलं, रात्री मेसेज आला तर आपोआप जाणारं उत्तर, सगळं आहे, आणि माझ्या ओळखीतले निम्मे दुकानदार अजून साध्या वॉट्सॅपवर धंदा करतात. गुगलवर पण नाव लावलं. घरून चालणारा धंदा असला तर पत्ता झाकून नुसता भाग दाखवता येतो हे मामाला फार आवडलं, कारण वस्तीवर परकी माणसं आलेली त्याला खपत नाहीत, कुत्रं भुंकतं. ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना सोडायचं, ते मात्र फसलं. यादी केली, मेसेज सोडला, दोन दिवस कुणाचं काही नाही. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी यातली असून लक्षात यायला दोन दिवस लागले याची लाज वाटली, की ब्रॉडकास्ट पोचतो फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. एका यादीत २५६ जण मावतात, पण मावून काय उपयोग. २४० पैकी मामीचा नंबर सेव्ह असणारे किती, तर ती गुडघ्याची बाई आणि अजून दहा-अकरा. विकत घेतलेला नंबर तुमच्याकडं असतो, तुमचा त्यांच्याकडं नसतो. माझ्या अख्ख्या धंद्याची गोम एवढ्यात होती आणि ती मला वॉट्सॅपच्या एका भिकार अटीनं सांगितली.

त्या चौदा प्रश्नांच्या उत्तरांचे पहिले व्हिडिओ मी लिहून दिले आणि ते भयानक झाले. गॅदरिंगचा आवाज, डोळे कागदावर, "नमस्कार, आज आपण पाहणार आहोत". तीन काढले, तिन्ही पुसले. मग मी लिहायचं बंद केलं, नुसता एक प्रश्न विचारायचा आणि कॅमेरा हातांवर धरायचा, तोंडावर नाही. हात बोलायला लागले की तिचा आवाज आपोआप शेडवरचा होतो. गंधकाच्या प्रश्नाला तिनं दोन वाट्या पुढं घेतल्या, म्हणाली ह्याला धुरी दिलीय, म्हणून रंग असा धरलाय, ह्या काळ्याला नाही दिली, तो काळाच असतो, काय पाहिजे ते घ्या. मला वाटलं होतं हे उत्तर नको, माणसं बिचकतील. मी तिला तसं म्हणलं पण. ती म्हणाली, "मग खोटं सांगू?" एकोणचाळीस जणांनी वॉट्सॅपवरचा तो स्टेटस बघितला. दोघांनी पिवळा नको म्हणून काळा मागितला, एकानं काहीच मागितलं नाही, नुसता अंगठा पाठवला. हे काय व्हायरल म्हणायचं नाही. पण तो दोघांतला एक नंतर त्याच्या ऑफिसातल्या चौघांचा माल एकत्र मागवायला लागला.

एकदा मीच हट्टानं ५०० रुपयांचं बूस्ट मारलं, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवली, इन्स्टाग्रामवर. लाईक आले भरपूर, ओडिशा, बिहार कुठनं कुठनं, कारण गडबडीत मी भागच निवडला नव्हता. ऑर्डर शून्य. मामी म्हणाली जाऊ दे, पाचशेचा बेदाणा सौद्यात पायाखाली जातो. आणि एका माणसानं पाच किलो मागवून पैसे देतो देतो म्हणत दिलेच नाहीत. त्याचा पण रिमार्क आहे पेन्सिलनं, तो मी इथं लिहीत नाही.

दिवाळीपर्यंत गेला किती, तर एकशे चाळीस किलो. बाकीचा, म्हणजे जवळजवळ सगळाच, सौद्यालाच गेला, आणि मामानं पट्टीची चार घड्यांची घडी करून खिशात ठेवली. त्यामुळं कुणाला यशोगाथा लिहायची असेल तर ती इथं नाही. फोन मात्र कमी झाले रात्रीचे. म्हणजे तिनं लावायचे कमी झाले. येतात आता, आणि येतात ते ती अंगणात उभी राहून, पदर कमरेला खोचूनच घेते. हे मी एकदा बघितलं आणि का कोण जाणे मला जरा चुकल्यासारखं पण वाटलं.

टायरवाल्याचं काम मी अजून करते. सोडायला परवडत नाही. पण गणपतीच्या पोस्टऐवजी पावसात टायरची नक्षी किती झिजली की बदलायचं ते रुपयाचं नाणं घालून कसं बघायचं हे टाकू या का म्हणलं, तर तो म्हणाला, मॅडम, गणपती पाहिजेच, वाटल्यास नाणं पण टाका. तेवढं तर तेवढं. त्या पुण्याच्या एजन्सीच्या फॉर्मांचं काम मात्र बंद केलंय. फार तात्त्विक कारण नाही, त्यांनी दोन बिलं थकवली होती हेही आहेच.

त्या १७३ नंबरचं सांगायचं मात्र राहून गेलं. दोनदा ठरवून गेले. एकदा पाहुणे होते, एकदा मामाची शुगर वाढलेली. आणि मग दिवस इतके गेले की आता सांगितलं तर "तेव्हाच का नाही बोललीस" याला उत्तर काय द्यायचं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी, मी चकलीच्या भाजणीत हात घालून बसले होते, फोन वाजला. नंबर आता ओळखीचा होता, पण नावानं सेव्ह केला नव्हता मी, मुद्दामच. नवऱ्यानं फोन कानाला लावून धरला.

"नमस्कार. टेस्ट मॅडम बोलताय का? मागं एकदा फोन केलेला, तुम्ही गडबडीत होता बहुतेक. दिवाळीचं म्हणून केला, नको असंल तर नको म्हणा, काय न्हाई त्यात."

गॅदरिंगचा आवाज कुठंच नव्हता. मागं मामाचा टीव्ही लागलेला.

मी जरा आवाज बदलून म्हणलं, "हो, बोलतेय. दोन किलो पाठवा. काळा."

"बरं झालं बाई. एक मिनिट हां, पेन्सिल घेते." दोरा ओढल्याचा, कागद उलटल्याचा आवाज आला. "हं. सांगा मॅडम, पत्ता सांगा."